दसऱ्याला पुजलेलं लॉक

एका वर्षी जरी मी दसऱ्याची पूजा चुकवली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी चुकवली नाही. उलट त्या वर्षी जरा जास्तच मन लावून केली.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान होतं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढं छोटं. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं, दहाव्या-बाराव्याचे कागद, जे येईल ते मी मराठीत टाइप करून द्यायची. हे मी कुणाकडे शिकले नाही. आमचे हे तळोज्याला कारखान्यात, पाळीची नोकरी. त्यांच्या ओळखीच्या एकाने धंदा बंद केला तेव्हा त्याचं जुनं कॉम्प्युटरचं मशीन आम्ही उचलून आणलं, आणि बटणं दाबत दाबत मीच शिकले. ‘क्ष’ कुठे लपलाय ते शोधायला मला दोन दिवस लागले. सापडला तेव्हा आनंदाने अख्खं पान मी ‘क्ष’ने भरून टाकलं होतं.

मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. ऐन लग्नसराईत बंद पडायचं. मग भिशीत माझा नंबर लागला तेव्हा मी अस्सल मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. विकायला आलेला माणूस चांगला बोलका होता. चहा घेता घेता म्हणाला, “ताई, एकदा घ्या, जन्मभर वापरा. पुन्हा एक रुपया मागायला आलो तर दारात उभं करू नका.” त्याने शब्द पाळला. तो पुन्हा कधी आला नाही.

खोक्यात एक सीडी होती, एक जाड पुस्तक होतं आणि एक लॉक. आम्ही सगळे त्याला लॉकच म्हणायचो, पण ते कुलपासारखं नव्हतं. अर्ध्या आगपेटीएवढी पांढरी डबी आणि एका तोंडाला पिना. ती मशीनच्या पाठीमागे खोचलेली असली तरच सॉफ्टवेअर उघडणार. हे तुम्ही पैसे देऊन घेतलंय, याची ती खूण. यांनी पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे मशीनचं मंगळसूत्र.” मी हसले, पण मला ते आवडलं. पुस्तक मी लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. माझ्या नावावर घर नव्हतं, गाडी नव्हती. हे होतं.

त्या दुकानात एक दिवस एक धवलारीण आली. इकडच्या आगरी लग्नात देवांना आवतण देण्यापासून मुलीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. ती माझ्याकडे आली ती काही धवलारीण म्हणून नव्हे. मुलाची पत्रिका छापायला आली होती. रोज सकाळी गावाहून भाजीची टोपली घेऊन बाजारात यायची, टोपली रिकामी झाली की परत जायची. वाचता येत नव्हतं, म्हणून पत्रिकेत काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “बाय, मानसांना बोलावलंस, द्येवांना नाय बोलावलंस.”

“वर श्री गणेशाय नमः आहे की, मावशी.”

“एका गनपतीला बोलावलंस. बाकीचे काय घरात बसतीन?”

मग तिने मला सांगितले सगळे, कोणाला कुठल्या वाटेने बोलवायचं ते. गावदेवी, समुद्र, वेशीवरचा, डोंगरावरचा. मी ऐकतच राहिले. म्हटलं, मावशी, हे सांगा मला, मी टाइप करते. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, माझ्यासाठी. एवढं पुरलं तिला.

त्यानंतर दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा, टोपली रिकामी झाली की ती दुपारी माझ्याकडे यायची. गाऊन दाखवायची नाही. दारात मांडव घातल्याशिवाय धवला गायचा नाही, असा तिचा नेम होता, आणि टेपरेकॉर्डर काढला तर ती पदर खोचून उठलीच. म्हणून नुसतं बोलून सांगायची, भाजीचा भाव सांगावा तसं. एक ओळ सांगून थांबायची. मी टाइप करायची आणि म्हणायची, “पुढे?” ती पुढची सांगायची. माझं “पुढे” ऐकून ऐकून ती मला चिडवायला लागली होती. दुकानाच्या पायरीवरूनच हाक मारायची, “फुडंबाय हाय का घरात?”

सगळं झालं तेव्हा एक प्रत छापून मी तिच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली आणि सुनेकडे दिली. म्हणाली, “कागुद काय, उंदीर खाईल. तुज्या मशीनीत हाय ना? मंग माजी फिकीर नाय.”

पुढे गाव विमानतळात गेलं. माणसं हलली, घरं हलली, आणि त्या हलवाहलवीत तो कागद कुठे गेला तो गेला. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या तसं माझंही दुकान बंद झालं. मशीन मी घरी आणलं आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं. वरून चादर, मागे लॉक. अधूनमधून सुरू करायची. हे म्हणायचे, “काय छापतेस?” मी म्हणायची, “काही नाही, उघडतंय का बघते.” उघडायचं.

मागच्या वर्षी नवरात्रात मावशीची सून आली. नातीचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात. मावशीला त्याआधी झटका येऊन गेला होता. हातपाय वाचले, पण आठवण तुटली होती.

“काकी, सासू गाते अजून,” सून म्हणाली. “पन सुरवात द्यावी लागते. वलीचा पयला शबुद दिला का बाकीचं आपोआप येतं त्यांच्या तोंडात. नाय दिला का गप ऱ्हातात, आनि मंग रडतात. आनि पयला शबुद आमच्यात कोनालाच येत नाय.”

“दुसरी धवलारीण नाही का बोलावता येणार?”

“येल ना. पन मंग यांना काय सांगू? तुमी बसा, दुसरी गाते? नातीचं लगीन हाय म्हनून जीव धरून हायेत त्या. तुमच्याकं लिवलेलं हाय ना सगलं?”

“आहे तर. मशीनमध्ये जसंच्या तसं आहे.”

सुनेने डोळे पुसले. मी म्हटलं, रडू नको, दसऱ्याला मशीनची पूजा केली की पहिलं काम म्हणून हेच छापते. चांगल्या दिवशी चांगलं काम. त्याच दिवशी छापून दिलं असतं तर? अर्धा तास लागला असता. पण मला वाटलं, लग्नाची गाणी आहेत, दसऱ्याचा मुहूर्त लाभू दे.

दसऱ्याला मी मशीन पुसलं. दर वर्षी हळदकुंकू लावायची ती वरच्या पत्र्याला, आणि एक फूल ठेवायची. त्या वर्षी माझ्या मनात आलं, इतकी वर्षं गाणी राखली कुणी? पत्र्याने नाही, लॉकने राखली. मागच्या त्या डबीला कधी आपण कुंकवाचं साधं बोटही लावलं नाही. म्हणून मी ती काढली. तबकात विळी, कात्री आणि यांचा पाना यांच्या शेजारी ठेवली. फुलाने पाणी शिंपडलं. हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. हात जोडून तिला म्हटलं, बाई, तुझे उपकार आहेत. आणि लॉक जास्त वेळ बाहेर ठेवू नये असं त्या माणसाने सांगितलं होतं, म्हणून आरती झाल्याझाल्या ती तशीच ओली जागेवर खोचली आणि बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. लॉक सापडत नाही.

मी बंद करून पुन्हा सुरू केलं. तीच ओळ. डबी काढून पाहिली तर पिनांच्या मुळाशी ओलं कुंकू गेलं होतं, आणि आत कुठेतरी जळका वास. हे म्हणाले, “वाळू दे.” वाळवली. उन्हात ठेवली, तांदळाच्या डब्यात ठेवली, स्पिरिटच्या कापसाने एकेक पिन पुसली. यांनी पानाबिना लावून डबी उघडली, तर आत बोटाच्या नखाएवढी काळी चकती, तिला तडा गेलेला. बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने भिंग लावून पाहिली आणि म्हणाला, “मावशी, ये तो गया. हे आता कुणी बनवत नाही.” मला ओळखणारे दोघे जुने टायपिंगवाले होते, त्यांच्याकडे गेले. एकाने स्वतःचं लॉक भंगारात दिलं होतं. दुसऱ्याने काढून दिलं बिचाऱ्याने, पण प्रत्येक लॉक आपापल्या सीडीशी बांधलेलं. त्याचं माझ्या मशीनला चालेना.

आणि ती फाईल दुसऱ्या कशात उघडायचीही नाही. त्या सॉफ्टवेअरची अक्षरं त्याची त्याची होती. आमच्या लेकीने दिलेल्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह लावून उघडली, तर पानभर इंग्रजी आकडे आणि तिरपे दांडे. मावशीचे सगळे देव त्यात होते आणि एकही ओळखू येत नव्हता.

मग मी कंपनीला फोन केला. कंपनी अजून होती. फोनवर एक मुलगी होती, गोड बोलायची.

“मॅडम, ती आवृत्ती आता बंद झाली. लॉकही बनत नाहीत. आता सगळं ऑनलाइन आहे. तुम्ही वार्षिक योजना घ्या, त्यातली वरची घेतलीत तर जुन्या फाईली उघडतील.”

“पण मी विकत घेतलंय, बाळ. कायमचं.”

“हो मॅडम, तुमचा परवाना कायमचाच आहे. तो रद्द झालेला नाही.”

“मग उघडत का नाही?”

“लॉक नाही ना, मॅडम.”

“मग लॉक द्या. त्याचे पैसे घ्या.”

“लॉक नाहीये, मॅडम.”

मी तिला म्हटलं, हे बघ, मी मिक्सर घेतला, पाटावरवंटा घेतला, शिलाई मशीन घेतलं. कोणी दर वर्षी येऊन विचारत नाही की यंदा चटणी वाटायची असेल तर भाडं भरा. ती हसली नाही. समजुतीनेच म्हणाली, “मॅडम, मला पटतं तुमचं. पण आमच्याकडेही माणसं रोज काम करतात ना यावर. एकदा पैसे घेऊन जन्मभर कसं चालवणार?” तिचंही खोटं नव्हतं. पण मला त्या वेळी ते ऐकायचं नव्हतं. मला कायमचं म्हणून दिलं होतं. मी त्या शब्दाला धरून बसले.

हे म्हणाले, “भर एकदाचं वर्षाचं आणि हो मोकळी.”

“मी भाडं देणार नाही. माझी वस्तू आहे.”

“वस्तू कुठाय आता? तू तिला आंघोळ घातलीस.”

हे त्यांनी चेष्टेने म्हटलं, पण मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पैशाचा प्रश्न नव्हता, खोटं कशाला सांगू, भरू शकलो असतो. मला वाटत होतं की मी भरले तर ते लाल फडक्यातलं पुस्तक, ती भिशी, दुकानातली ती सगळी वर्षं, माझं काही नव्हतंच असं मीच कबूल केलं. म्हणून मी पत्रं लिहिली. ईमेल केली. पावतीचा फोटो पाठवला. “आपली तक्रार नोंदवली आहे” असं उत्तर यायचं, दर वेळी तेच. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं. सुनेचा फोन आला की मी सांगायची, होतंय, काळजी करू नको.

मावशीला भेटायला गेले एकदा. नव्या वस्तीत नव्या घराच्या ओट्यावर बसलेली, समोर सिमेंटचा रस्ता. मला ओळखलं. म्हणाली, “फुडंबाय आली.” मग माझा हात धरून बसली. निघताना विचारलं, “मशीनीत हाय ना?”

मी म्हटलं, “आहे.”

लग्नाला आठ-नऊ दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला. तरी भाडं भरायला हात होईना. कंपनीच्या पानावर लिहिलं होतं, सात दिवस मोफत वापरून बघा. मी ते भरलं, नाव, फोन, सगळं. वर लिहिलं होतं की या सात दिवसांत फाईल नुसती बघता येईल, छापता येणार नाही, उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. म्हटलं, बघता तर येईल. बघून मी हाताने लिहीन. अक्षरं उतरवायची हेच तर काम केलं मी जन्मभर.

अर्ज भरला तो अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी अमावास्या. शुभकार्याची गाणी अमावास्येला लिहायला घेऊ नयेत असं मनात आलं आणि मी तो दिवस सोडला. दसऱ्याने शिकवलं नव्हतं मला. माझी समजूत, फाईल उघडेन तेव्हापासून सात दिवस. त्यांनी धरले होते अर्ज भरल्यापासून.

अमावास्या सरल्यावर सकाळी फाईल उघडली. लॅपटॉपच्या पडद्यावर माझीच अक्षरं आली. मीच निवडलेला तो टपोरा ठसा, मीच सोडलेली जागा. पहिल्याच पानावर एक चूक होती, गावदेवीच्या नावात. तेव्हा दिसली नव्हती, आता दिसली. मी रडले थोडी. मग दोनशे पानी वही घेतली आणि बसले.

स्वयंपाक यांनी केला. भात आणि पिठलं, पिठलं आणि भात. मी सकाळी आठला बसायची ती दिवेलागणीपर्यंत. वर्षानुवर्षं बटणं दाबली, पेन कुठे धरलं होतं? दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला. तिसऱ्या दिवसापासून अक्षर कापायला लागलं. अधूनमधून हे मागे येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, “मी लिहू?” मी म्हटलं, “तुमचं अक्षर डॉक्टरांनासुद्धा लागणार नाही.” पण खांदा इतका दुखत होता की एक पान मी त्यांना दिलं, आणि त्यांनी ते जीव लावून लिहिलं, शाळेतल्यासारखं, एकेक काना सरळ.

आवतणाची गाणी झाली. मांडवाची झाली. घाणा झाला, हळद झाली. मुलीला नहाण घालायची झाली, लग्न लागतानाची झाली. पाठवणीची तेवढी राहिली. पाठवणी सगळ्यात मोठी होती. मावशी ती सांगताना अध्येमध्ये थांबायची आणि बाहेर रस्त्याकडे बघायची, म्हणून ती टाइप करायला मला अख्खा आठवडा लागला होता. मी मनाशी म्हटलं, उद्याचा दिवस आहे, उद्या पाठवणी.

सकाळी लॅपटॉप उघडला. “आपला मोफत कालावधी संपला आहे.” खाली निळं बटण, योजना निवडा.

मी निळं बटण दाबलं. दाबलंच शेवटी. वर्षाची, वरची. यांनी शेजारी बसून कार्डावरचे आकडे वाचून दाखवले. पैसे गेले, पावती आली, आणि खाली एक ओळ, जुन्या ग्राहकांची खातेपडताळणी दोन कामाच्या दिवसांत पूर्ण होईल. तो शुक्रवार होता. शनिवारी हळद, रविवारी लग्न. मी त्या मुलीला फोन लावला. ती नव्हती, दुसरं कुणी होतं. मी त्याला सांगितलं, म्हातारी बाई आहे, नातीचं लग्न आहे, मी पैसे भरलेत, भाडं भरलंय मी, उघडा. तो म्हणाला, “समजू शकतो मॅडम. सोमवारी होईल.” मी त्याच्या पाया पडायची बाकी ठेवली. फोन ठेवल्यावर यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

मग पाठवणी मी आठवून लिहायला बसले. पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरी आली असं वाटलं, पण ती माझी होती, मावशीची नव्हती. कळतं ते. मी खोडली.

हळदीला वही घेऊन गेले. सुनेने मला मावशीच्या शेजारी पाटावर बसवलं. मी ओळीचा पहिला शब्द मावशीच्या कानात सांगायची आणि मावशी उरलेली ओळ गायची. एवढ्या वर्षांत मी तिला गाताना पहिल्यांदा ऐकत होते. मी नुसते शब्द टाइप केले होते, त्यांना असा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. बारीक आवाज, पण तुटत नव्हता. मांडवातल्या बायका मागे म्हणत होत्या. नात हळदीने माखलेली, आजीकडे बघत होती. मावशीने एकदा वहीवरून बोट फिरवलं, यांनी लिहिलेलं पान होतं ते, आणि म्हणाली, “ह्ये झ्याक लिवलंय.”

रविवारी लग्न लागलं. तेही गाणं झालं. जेवणं झाली, मुलीची निघायची वेळ झाली. मांडवाच्या दारात मुलगी, तिची आई आणि सगळ्या बायका गोळा झाल्या. मावशीला धरून आणलं. ती उभीच राहिली, बसायला नको म्हणाली. तिने पदर सावरला आणि कान माझ्याकडे केला.

मी पहिला शब्द दिला. ती गायली. दुसऱ्या ओळीचा दिला. ती गायली. नातीने तोंड पदरात घातलं.

मावशी थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, “फुडं?”

वहीत पुढचं पान कोरं होतं. मी ते उलटलं, त्याच्या पुढचंही उलटलं. काय शोधत होते मी?

“फुडं, बाय?”

मी म्हटलं, “मावशी, नाही माझ्याकडे.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागावली असती तर चाललं असतं. पण ती मला धीर देत होती. मी दोन उन्हाळे तिच्या तोंडाकडे जशी बघायची, येईल, सावकाश सांगा, तशी ती बघत होती. तिला वाटत होतं मला आठवेल. मग बँडवाल्याने वाजवायला सुरुवात केली, आणि मुलगी गाडीत बसली.

सून नंतर माझ्याजवळ आली. तिने वही चाळली. म्हणाली, “काकी, वाईट नका वाटून घेऊ. पन पडद्यावर दिसत व्हतं ना, मंग मोबाइलनं फोटो का नाय काढलात?”

रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना फुलांचे फोटो पाठवणारी बाई मी. लिहीत होते ते सगळे दिवस मोबाइल त्या लॅपटॉपच्या शेजारी पडला होता. वेळ बघायला उचलत होते मी तो. मला सुचलं नाही. यांनाही सुचलं नाही. आम्हाला लिहिणं तेवढं सुचलं.

सोमवारी दुपारी खातं उघडलं. पाठवणी सबंध होती, पाच पानं. छापली. दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली. मावशी ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसले आणि तिसऱ्या ओळीचा पहिला शब्द तिच्या कानात सांगितला. तिचे ओठ हलले. येत होतं, मला दिसत होतं येताना. मग तिने ओठ मिटले आणि रस्त्याकडे, दारापुढे पाहिलं. मांडवाचे खांब काढून नेले होते, खड्डे तेवढे राहिले होते.

“मांडव कुनाचा हाय?” तिने विचारलं.

“कुणाचा नाही, मावशी.”

तिने पानं नीट जुळवली, गुडघ्यावर आपटून सारखी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “मंग ठेव तुज्याकं.”

त्या घरात आता लग्नाचं कुणी नाही. मावशीला मधल्या काळात दुसरा झटका येऊन गेला. मी दर महिन्याला जाते. पानं पिशवीत असतात. ती मला ओळखते की नाही सांगता येत नाही, पण हात धरते. कंपनीचं पत्र आलंय, वर्ष संपत आलं, योजना चालू ठेवायची असेल तर भरणा करा. हे विचारत होते, आता कशाला? छापून झालंय सगळं. मी म्हटलं, भरा. पहिल्या पानावर गावदेवीच्या नावातली चूक अजून दुरुस्त करायची राहिली आहे. रोज उघडते, त्या अक्षरापाशी जाते आणि तशीच बंद करते.